हमालाच्या नावाची पावती

गरिबांची बाजू घेणाऱ्या माणसाचा सन्मान कसा करायचा, याची महाराष्ट्रात एक ठरलेली रीत आहे. हयातीत शाल, श्रीफळ आणि मानपत्र. पंचाहत्तरीला गौरवग्रंथ. गेल्यावर शोकसभा आणि एखाद्या चौकाला नाव. डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी पुण्यात गेले, तेव्हा यातले बहुतेक त्यांच्या वाट्याला येऊन गेले होते. श्रद्धांजलीच्या भाषणांत ‘आधारवड’, ‘झंझावात’ असे शब्द आले, आणि ते खोटे नव्हते. पन्नासहून अधिक वेळा तुरुंगात गेलेल्या माणसाबद्दल असेच बोलले जाणार.

या भाषणांत एक गोष्ट मात्र हमखास सुटते. अन्यायाविरुद्ध गर्जणारी माणसे या राज्याने बरीच पाहिली. त्या गर्जनेचे दरपत्रकात, नोंदवहीत, ओळखपत्रात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात रूपांतर करणारी थोडी. आढाव त्या थोड्यांपैकी होते. पुण्याच्या मार्केट यार्डात आज ट्रक लागतो, टोळी चढते, पोती उतरतात, थप्पी लागते आणि हिशेब होतो. त्या हिशेबात मजुरीच्या जोडीने लेव्हीचा आकडा धरलेला असतो. हमालाच्या म्हातारपणाची, आजारपणाची आणि दिवाळीच्या बोनसची तरतूद त्या एका आकड्यात असते. तो रोज तिथे लिहिला जावा म्हणून कोणाला रोज उपोषणाला बसावे लागत नाही. आढावांच्या कामाचे मोल मोजायचे तर ते इथून मोजावे लागते.

दुखण्याचे कारण गाळ्यासमोर

१ जून १९३० रोजी पुण्यात जन्मलेल्या बाबासाहेब पांडुरंग आढाव यांचे शिक्षण आयुर्वेदाचे. संस्कार राष्ट्र सेवा दलाचे. दवाखाना नाना पेठेत. त्या काळी पुण्याचा घाऊक भुसार बाजार नाना-भवानी पेठेच्या अरुंद रस्त्यांवर भरे. जोतीराव फुल्यांचा वाडा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १८७३ साली सत्यशोधक समाज याच शहरात निघाला आणि त्याच समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची देशातली पहिली संघटना बांधली. श्रमाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच माणसाच्या पाठीवर असतात, हे फुले-लोखंडे परंपरेचे शहाणपण. आढाव आयुष्यभर त्याच वाटेने चालले.

दवाखान्यात हमाल येत. मान आखडलेली, कंबर धरलेली, गुडघे झिजलेले. औषध देता येत होते, पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस तेच पोते उचलणार होता. तेव्हा भुसाराचे पोते शंभर किलोचे असे. मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यातून आणि पुढे दुष्काळी तालुक्यांतून आलेला शेतकऱ्याचा मुलगा शहरात शिरताना स्वतःचे शरीर सोडून काहीच बरोबर आणत नसे, आणि बाजार ते शरीर पंधरा-वीस वर्षांत वापरून टाकी. दुखण्याचे कारण दवाखान्याच्या बाहेर, गाळ्यासमोर होते. १९५०च्या दशकाच्या मध्यात हमाल पंचायत उभी राहिली. पुढे आढावांनी दवाखाना सोडला आणि संघटना हेच पूर्णवेळ काम झाले.

हमालांची संघटना बांधणे गिरणी कामगारांच्या संघटनेपेक्षा अवघड होते. गिरणीला भिंत असते, फाटक असते, हजेरीपट असतो आणि एक मालक असतो. हमालाला यातले काहीच नसते. सकाळी तो एका अडत्याच्या गाळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या, संध्याकाळी ट्रकवर. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. ट्रकवाला म्हणे, माझा तर मुळीच नाही. हमाली, तोलाई, वाराई या नावांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कापले जात, म्हणजे खर्च तिसऱ्याच्याच डोक्यावर. काम सगळ्यांचे आणि माणूस कोणाचाच नाही, ही त्या धंद्याची रचनाच होती. मालकच नसेल तर रजा कोणाकडे मागायची, आणि ओझ्याखाली पाय मोडला तर भरपाई कोणी द्यायची?

मालक नसलेल्यांसाठी कायदा

याचे उत्तर ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ या लांबलचक नावाच्या कायद्याने दिले. त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडींची संघटना होती, पुण्यात आढावांची हमाल पंचायत होती, आणि बंदरे, गोदामे व बाजारपेठांतले अनेक लढे होते. एकाच माणसाच्या नावावर हा कायदा लिहिता येणार नाही, आणि आढावांनी तसा दावा करण्याचे कारणही नव्हते.

या कायद्याची कल्पना जितकी साधी तितकीच धाडसी. एक मालक सापडत नाही ना, मग सगळे मिळून मालक. कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापन करायचे. त्या मंडळाकडे व्यापाऱ्यानेही नोंद करायची आणि हमालानेही. काम झाले की मजुरी व्यापाऱ्याने थेट हातावर न टेकवता मंडळात भरायची, आणि त्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरायची. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो, पण मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त. मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा, बोनस आणि वैद्यकीय मदत यांची सोय करते. हमाल कितीही गाळे फिरला तरी त्याचे खाते एकच राहते. काम विखुरलेले असले तरी त्याचे हक्क एका जागी साठत जातात.

असंघटित कामगाराला सामाजिक सुरक्षा द्यायची तर पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न दिल्लीत आजही चर्चेला येतो. महाराष्ट्राने १९६९ साली उत्तर दिले होते, की ज्याच्या मालामुळे ओझे निर्माण होते त्याच्याकडून, आणि ओझे उचलले जाते त्याच क्षणी. सरकारी तिजोरीवर भार नाही, कोणाची मेहेरबानी नाही. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी राज्याने जो कायदा केला, तोही याच धर्तीवर. केरळमध्येही १९७८ साली डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांसाठी कायदा झाला.

कायदा झाला म्हणजे बाजारात आपोआप लागू झाला असे नाही. तो गावोगावच्या बाजार समित्यांपर्यंत नेणे, टोळ्यांची नोंदणी करून घेणे, दर तीन-चार वर्षांनी हमालीच्या वाढीसाठी वाटाघाटी करणे, लेव्ही चुकवणाऱ्याला गाठणे, हे काम भाषणात सांगण्याजोगे नसते. त्यात रोमांच नाही. वर्षानुवर्षे बैठका, इतिवृत्ते, मुंबईच्या खेपा आणि कामगार आयुक्तांच्या दारातले ठिय्ये. पंचायतीच्या माणसांनी हे केले म्हणून पुण्याच्या हमालाच्या हातात निवृत्तीच्या वेळी रक्कम पडू लागली. पंचायत चालली तीही हमालांच्याच वर्गणीवर. देणगीदाराच्या मर्जीवर चालणारी संघटना देणगीदाराच्या शेजाऱ्याशी भांडू शकत नाही, हे या माणसांना लवकर कळले होते.

पोत्याच्या वजनाची लढाई याहून चिवट ठरली. जास्तीत जास्त किती ओझे माणसाने उचलावे, यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली करार केला. भारताने तो मान्य केला २०१० मध्ये. मधली त्रेचाळीस वर्षे पोती उचलली जात होतीच. शंभर किलोचे पोते पन्नासवर आणण्याची मागणी हमालांच्या मेळाव्यांत वर्षानुवर्षे होत राहिली. अडचण एकट्या व्यापाऱ्याची नव्हती. बारदान्याचे माप, साखर कारखान्यांची आणि गिरण्यांची भरण्याची पद्धत, रेल्वेचे आणि गोदामांचे हिशेब सगळे शंभर किलोला बांधलेले. काही हमालांनाही धाकधूक होती, की पोते हलके झाले तर हमाली कमी होईल. म्हणून दर आणि वजन हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी टेबलावर घ्यावे लागले. आज पन्नास किलोची गोणी दिसते, तिच्यामागे एवढा व्याप आहे.

भाकरीचा हिशेब

गुलटेकडीला नवे मार्केट यार्ड झाले आणि बाजार पेठांतून तिकडे हलला. हमालही हलले. एकट्याने शहरात राहणाऱ्या, पहाटेपासून ओझी उचलणाऱ्या माणसाच्या जेवणाचे काय? हॉटेलातली मिसळ महाग पडे आणि पोटालाही पुरत नसे. १९७४ मध्ये हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. भाकरी, झुणका, भाजी, ठेचा. ना नफा, ना तोटा. भाकऱ्या थापायला कष्टकरी घरांतल्याच बायका, आणि त्यांना रीतसर पगार.

कष्टाची भाकर समजून घ्यायची तर तिच्या शेजारी एक सरकारी प्रयोग ठेवून पाहावा. १९९५ साली राज्यात सत्तांतर झाल्यावर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे गावोगाव निघाली. सरकार अनुदान देणार होते. मोक्याच्या जागांवर टपऱ्या उभ्या राहिल्या. काही वर्षांतच अनुदान आटले, योजना बंद पडली, आणि अनेक ठिकाणी जागांचा ताबा तेवढा उरला. हमालांची भाकर त्याआधी वीस वर्षे चालू होती आणि नंतरही चालू राहिली. तिचा भाव एक रुपया कधीच नव्हता. ज्वारी, बाजरी, डाळ, सरपण, मजुरी यांची बेरीज करून जो येईल तो भाव. भाव वाढवायचा तर जेवणाऱ्यांसमोर हिशेब मांडायचा. जेवणाराच संस्थेचा सभासद असल्यामुळे त्याला फसवण्यात कोणाचे हित नव्हते. गरिबाला स्वस्त द्यायचे म्हणजे कोणीतरी वरून पैसे ओतायचे, हा समज या स्वयंपाकघराने खोटा ठरवला.

भाकरीभोवती मग बाकीचे उभे राहिले. पतपेढी, म्हणजे सावकाराची वाट बंद. हमालनगर ही वसाहत, म्हणजे पाटीच्या आधाराने पदपथावर झोपणे बंद. हमाल भवन, म्हणजे बसायला, भांडायला, सभा घ्यायला स्वतःचे छप्पर. मुलांसाठी शाळा. कुठल्याच गोष्टीला ‘कल्याण’ हा सरकारी वास नव्हता, कारण प्रत्येकीचा हिशेब सभासदांना विचारता येत होता.

पाणवठ्यावर कोण भरणार?

एवढ्यावर थांबले असते तर बाबा आढाव एक यशस्वी कामगार पुढारी म्हणून ओळखले गेले असते. त्यांच्या मांडणीत मात्र मजुरीचा दर वाढला म्हणजे माणसाची पत वाढली, असे नव्हते. बाजारात खांद्याला खांदा लावून पोते उचलणारे दोघे गावी गेले की एक पाटलाच्या विहिरीवर पाणी भरी आणि दुसऱ्याला विहिरीजवळ उभेही राहू दिले जात नसे.

१९७२च्या दुष्काळाच्या सुमारास ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ सुरू झाली. आढाव आणि सहकारी गावोगाव फिरले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला पंचेचाळीस वर्षे झाली होती, अस्पृश्यतेला घटनेने बंदी घालून दोन दशके उलटली होती, आणि तरीही बहुतेक गावांत दलितांचा पाणवठा वेगळा होता. काही गावांत प्रश्न विचारताच वातावरण तंग होई, काही ठिकाणी मारहाणीची वेळ येई, तर काही ठिकाणी ‘आमच्याकडे असले काही नाही’ असे सांगून वेगळ्या विहिरीकडे बोट दाखवले जाई. या फिरतीतून त्याच नावाचे पुस्तक आले. महाराष्ट्राच्या पुरोगामी असण्याच्या अभिमानाला त्याने जितका चिमटा काढला, तितका क्वचितच एखाद्या अहवालाने काढला असेल.

दुष्काळी कामांवर सगळ्या जातींची माणसे एकत्र खडी फोडत होती. तहानही सारखीच होती. नव्याने खोदल्या जाणाऱ्या सार्वजनिक विहिरींवर पहिल्या दिवसापासून सर्वांचा हक्क राहावा, ही मागणी म्हणूनच त्या वर्षांत नेमकी होती. जुनी रूढी मोडण्यापेक्षा नव्या विहिरीवर ती रुजूच न देणे सोपे, हा त्यातला व्यवहार.

याच काळात धरणग्रस्तांच्या लढ्यातही ते होते. धरणाच्या पाण्याने ज्याचे शेत भिजते त्याने ज्याचे शेत बुडते त्याला जमीन द्यावी, हे तत्त्व मांडले गेले आणि १९७६ साली राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लेव्हीचे आणि या पुनर्वसनाचे गणित एकच आहे. ज्याला लाभ होतो त्याने ज्याला झळ लागते त्याचे देणे द्यायचे.

कागद, काच, पत्रा

हमालांच्या कामाची सावली जिथे पोचत नव्हती, अशी एक वस्ती पुण्यात होतीच. खांद्यावर गोणी टाकून पहाटे कचराकुंड्या उपसणाऱ्या बायका. बहुसंख्य दलित, कित्येक जणी दुष्काळात गाव सोडून आलेल्या, कित्येक एकट्या घर चालवणाऱ्या. रस्त्यावर चोरीचा आळ, पोलिसांचा दंडुका, भंगारवाल्याचा काटा. शहर त्यांना काम करणाऱ्या माणसांत धरतच नव्हते.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. मुलांबरोबर त्या स्वतः कुंड्यांवर गेल्या आणि लक्षात आले, की आयांच्या कामाची स्थिती बदलल्याखेरीज मुलांच्या पाटीला अर्थ नाही. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा झाला तर बायकांना कुंडीत उतरावे लागणार नाही, म्हणून कोरेगाव पार्क भागात तीसेक बायकांसाठी तशी व्यवस्था बसवण्यात आली. ती बसते न बसते तोच एक उद्योजक गाड्या घेऊन तोच कचरा उचलायला पुढे आला. कचऱ्याला भाव आहे हे कळल्याबरोबर त्यावर दावा सांगणारे आले. बायका रस्त्यावर आल्या.

१९९३च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेच्या वर बायका-पुरुष आले. अध्यक्षस्थानी बाबा आढाव. कचरावेचक आईचा मुलगा असलेले मोहन ननावरे उभारणीत पुढे होते. त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ निघाली. हमाल पंचायतीचाच साचा घेतलेला, म्हणजे वार्षिक वर्गणी, सभासदांची सभा, पतसंस्था आणि ओळखपत्र.

आधी ओळखपत्र का, याचे उत्तर रस्त्यावर होते. पहाटे चार वाजता गोणी घेऊन निघालेल्या बाईला पोलिसाने अडवले, तर ती चोर नाही हे सांगायला तिच्याकडे काय होते? पंचायतीने दिलेल्या ओळखपत्रावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात मान्यतेची मोहोर उठवली. कचरा वेचणे हे शहराच्या उपयोगाचे काम आहे, हे देशात प्रथमच एखाद्या नगरपालिकेने असे कागदावर मान्य केले. पुढे महापालिकेने त्यांचा आरोग्य विमा काढला. २००८ मध्ये कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि पुणे महानगरपालिका यांच्यात करार झाला. कुंडी उपसणारी बाई घरोघरी कचरा गोळा करणारी सेविका झाली. दरमहा घरटी शुल्क तिच्या हातात आणि सुक्या कचऱ्यातल्या भंगारावर तिचा हक्क. पुण्यातल्या हजारो सोसायट्या आज या बायकांच्या भरवशावर चालतात, आणि त्यातल्या पुष्कळांना महिन्याचे शुल्क द्यायची आठवण करून द्यावी लागते.

‘स्वच्छ’चा मार्ग सुखाचा नाही. करार संपला की नूतनीकरणासाठी खेटे घालावे लागतात. मोठ्या ठेकेदारांच्या गाड्या दारात उभ्याच असतात. तरीही हातगाडी ओढणाऱ्या बाया महापालिकेसमोर बसतात तेव्हा करारातले कलम कोणते आणि थकबाकी किती, हे त्यांना तोंडपाठ असते. चळवळीने दिलेली ही खरी कमाई.

कार्यकर्त्याने जगायचे कशावर?

हमालाची, कचरावेचकाची, रिक्षावाल्याची, पथारीवाल्याची, मोलकरणीची बाजू मांडणारे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत होते आणि आहेत. पूर्णवेळ काम करायचे तर नोकरी सोडावी लागते. घरात एकाच्या, बहुतेकदा बायकोच्या, शिक्षिकेच्या पगारावर चूल चालते. मुलाच्या फीची तारीख आणि मोर्चाची तारीख एकाच आठवड्यात येते. आपला समाज अशा माणसाला फेटा बांधतो, पण त्याच्या किराण्याच्या बिलाची चौकशी करत नाही.

सामाजिक कृतज्ञता निधी ही कल्पना या अडचणीतून आली. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगाव केले. मानधन न घेता. तिकिटांचे पैसे निधीत गेले. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर या उभारणीत होते. निधीच्या व्याजातून राज्यभरातल्या निवडक पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. रक्कम मोठी नव्हती. पण ती दर महिन्याला येत होती, आणि देणाऱ्याने फोटोसाठी बोलावले नव्हते.

नीट पाहिले तर इथेही माथाडी कायद्याचेच तर्कशास्त्र आहे. कार्यकर्त्यालाही एक मालक नसतो. त्याच्या कामाचा लाभ सगळ्या समाजाला होतो, म्हणून पैसेही सगळ्यांकडून, थोडेथोडे, नाटकाच्या तिकिटातून जमवायचे आणि नियमाने द्यायचे. तमाशाच्या फडापासून सिनेमापर्यंत लोकप्रियता मिळवलेल्या नटांनी ती लोकप्रियता या कामी लावली.

समुद्रापलीकडच्या मराठी माणसांनी याला दुसरी बाजू जोडली. अमेरिकेतल्या महाराष्ट्र फाउंडेशनने सुनील देशमुख यांच्या पुढाकाराने १९९४ पासून मराठी साहित्याचे आणि १९९६ पासून समाजकार्याचे पुरस्कार द्यायला सुरुवात केली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही ज्यांचे नाव येत नसे, अशा कार्यकर्त्यांपर्यंत हे पुरस्कार पोचले. पुरस्काराची रक्कम कित्येकांनी संस्थेच्या कर्जात भरली. निधी दरमहा जगवणारा आणि पुरस्कार एकदाच उजेडात आणणारा. दोन्हींची गरज आहे, पण पहिल्याची आठवण समाजाला कमी राहते.

दाभोलकरांच्या बाबतीत तर सन्मानाची घाई फार उशिरा झाली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी तब्बल अठरा वर्षे पाठपुरावा केला. विधेयक पटलावर येई, अडे, सौम्य होई आणि पुन्हा अडे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. जो मसुदा चार दिवसांत सही होण्याइतका तयार होता, तो त्यांच्या हयातीत का झाला नाही, याचे उत्तर कोणत्याही श्रद्धांजलीत मिळत नाही. २०१५ मध्ये कोल्हापुरात मोलकरणींपासून टोलविरोधी आंदोलनापर्यंत सगळ्यांच्या पाठीशी उभे राहिलेले गोविंद पानसरे गोळ्यांना बळी पडले. माणूस जिवंत असताना त्याचे म्हणणे ऐकणे हा सर्वांत स्वस्त सन्मान, आणि तोच आपल्याला महाग पडतो.

दोनशे रुपये आणि एक विधेयक

वयाच्या ऐंशीनंतर बाबा आढावांनी पेन्शनचा प्रश्न हाती घेतला. सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्याबरोबर त्यांनी पेन्शन परिषद उभी केली आणि २०१२ साली देशभरातले म्हातारे कष्टकरी दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसले. मागणी होती दरमहा किमान दोन हजार रुपयांची. केंद्र सरकारचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला हिस्सा साठ ते एकोणऐंशी वयासाठी दरमहा २०० रुपये होता. २००७ पासून तो तितकाच आहे. या काळात खासदार-आमदारांचे वेतन आणि निवृत्तिवेतन किती वेळा वाढले, हे वाचकांनी आठवून पाहावे.

माथाडी कायद्यालाही ओहोटीची भीती आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी वसूल करणाऱ्या टोळ्या उद्योगांच्या दारात उभ्या राहिल्या, हे खरे आहे. खऱ्या माथाडी संघटनांनीही त्याविरुद्ध आवाज उठवला. पण त्या निमित्ताने २०२३ मध्ये सरकारने जे दुरुस्ती विधेयक आणले, त्यातून कायद्याचे संरक्षणच आक्रसेल, अशी भीती संघटनांना वाटली. नव्वदी पार केलेले आढाव विरोध करणाऱ्यांत होते. मंडळांवर सदस्य वेळेवर नेमले जात नाहीत, निरीक्षक पुरेसे नाहीत, ही संघटनांची तक्रार त्याहून जुनी. कायदा रद्द न करताही तो निकामी करता येतो. नुसत्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या तरी पुरते.

बाजारही बदलला आहे. माल थेट कंपन्यांच्या गोदामात उतरतो, तिथे ठेकेदाराची माणसे असतात आणि ठेकेदार दर वर्षी नवा. शहरातल्या घराघरात किराणा दहा-पंधरा मिनिटांत पोचवणाऱ्या मुलाला कंपनी कामगार म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. त्याच्या पाठीवर चौकोनी पिशवी असते, हप्त्यावर घेतलेली दुचाकी त्याची स्वतःची असते आणि अपघात झाला तर दवाखान्याचा खर्चही त्याचाच. एक सकाळी या ॲपसाठी, दुपारी त्या ॲपसाठी. काम सगळ्यांचे, माणूस कोणाचाच नाही. १९५५ सालच्या नाना पेठेत हमालाची हीच स्थिती होती.

उत्तरही तेच येते आहे. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, त्याचा निधी आणि तो चालवायला मंडळ. कर्नाटकने २०२५ मध्ये तशीच वाट धरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग कामगारांच्या निधीत भरावा, अशी तरतूद आहे. या सगळ्याची जातकुळी मुंबईतल्या माथाडींच्या मशीद बंदराची आणि पुण्याच्या भुसार बाजाराची आहे. लेव्हीची कल्पना जिथे कायद्यात उतरली, त्या महाराष्ट्राने आपल्या नव्या हमालांसाठी मंडळ उभारायला खरे तर सर्वांच्या आधी पुढे व्हायला हवे होते.

दिवाळीच्या तोंडावर माथाडी मंडळे नोंदीत हमालांना बोनस देतात. वर्षभर पोत्यामागे साठलेली लेव्ही त्या दिवशी घरात कपडे आणि फराळ होऊन जाते. तोच फराळ मागवला तर दारात घेऊन येणाऱ्या मुलाच्या नावावर मात्र अजून असे काही साठत नाही. त्याची संघटना बांधणारे, त्याच्या अपघाताच्या भरपाईसाठी कंपनीच्या दारात बसणारे तरुण मुलगे-मुली आज पुण्यात, मुंबईत, नागपुरात आहेत. त्यांना शाल पांघरायला अजून तीस वर्षे आहेत. त्यांना आज पाहिजे ते नोंदणीचे कार्यालय, दराचा तक्ता, मंडळावर भरलेल्या खुर्च्या आणि महिन्याचे थोडे मानधन. बाबा आढावांच्या नावाने काही करायचेच असेल, तर सुरुवात या यादीपासून करावी.